सिन्नरच्या विहिरीतलं ‘तेल’

परवा सिन्नरहून एका काकांचा फोन. “विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतोय. कर्ज काढून खोल बोअर मारू का?” मी म्हटलं, काका, थांबा. आधी पंप बघा.

आपल्या नाशिकचा काळा पाषाण म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. हजार अंशांवर तापलेला रस! त्यात तेल कुठून असणार? तेलाला आधी गाडलेले जीव लागतात, आणि मग मंद आच.

गंमत बघा, हाच पाषाण पश्चिमेला समुद्राखालीही गेलाय. तिथे त्याच्यावर चिखल साचला. त्यात सूक्ष्म जीव, पालापाचोळा गाडला गेला. हवा नाही, म्हणून पुरतं कुजलं नाही. त्याचं झालं केरोजेन. वर थर चढत गेले. खोलीबरोबर उष्णता वाढते, किलोमीटरला साधारण २५-३० अंश. ६० ते १५० अंशांच्या दरम्यान, लाखो वर्षांत, केरोजेनमधून तेल सुटलं. याहून तापलं की नुसता वायू उरतो. ते तेल वर सरकत चुनखडीत अडकलं, आणि १९७४ साली ‘सागर सम्राट’ रिगला मुंबई हायमध्ये सापडलं.

काल काकांचा परत फोन. पंपाचं सील गेलं होतं म्हणे!