पीएमपी कधी करावं?

प्रोजेक्ट मॅनेजरच्या जाहिरातीत ‘पीएमपी असल्यास प्राधान्य’ ही ओळ तुम्ही वाचली असेल. अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट १९८४ पासून पीएमपी, म्हणजे ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ हे प्रमाणपत्र देते. पदवीधराला परीक्षेआधी प्रकल्प सांभाळल्याचा ३ वर्षांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. कोणत्या प्रकल्पात आपण नेमकं काय केलं, हे अर्जात लिहावं लागतं. अर्जाची पडताळणी झाली, तर जुन्या साहेबांची सहीही आणावी लागते. म्हणूनच तुम्हाला न ओळखणारी कंपनी, विशेषतः परदेशातली, या कागदाला मान देते. मुलाखतीपर्यंत तो नेऊ शकतो. रखडलेलं काम मार्गी लावायला मात्र अनुभवच हवा. नुकतेच नोकरीला लागला असाल, तर फी भरण्याची घाई नको. आजपासून आपल्या कामाची तारीखवार नोंद ठेवा.