गुंजेहून लहान

सोनाराच्या तागडींत पूर्वीं गुंज पडत असे. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा या कोष्टकानें एक गुंज सुमारें १२१ मिलिग्रॅम भरते. सोन्यासारख्या मोलाच्या जिनसेलाही गृहस्थास याहून फारसें बारीक वजन लागत नसे. परंतु आज ज्या घरांत थायरॉइड ग्रंथीच्या विकाराचा रोगी आहे, तेथें सकाळच्या गोळींत खरें औषध पुष्कळदां १०० मायक्रोग्रॅमच असतें. म्हणजे गुंजेच्या सहस्रांशाहूनही कमी. बाकीची गोळी केवळ चिमटींत धरतां यावी एवढ्यासाठींच!

मायक्रोग्रॅम हा ग्रॅमचा दहा लाखावा आणि मिलिग्रॅमचा हजारावा भाग होय. एवढ्याशा वजनानें शास्त्रज्ञांनाही पेंचांत टाकलें होतें. १८८९ सालीं किलोग्रॅमचें प्रमाण म्हणून ठरलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल पॅरिसजवळ सेव्हर येथें जपून ठेविला होता. सुमारें शंभर वर्षांनीं ताडून पाहतां तो व त्याच्या प्रतिकृती यांत ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास तफावत निघाली. मूळ हलकें झालें कीं प्रती जड झाल्या, हें कोणत्या वजनानें ठरवावें? अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर बसविण्यांत आली.

स्वयंपाकघरांत हें माप मिठाच्या डब्यांत आहे. प्रौढ माणसास रोज सुमारें १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतें. आयोडीनयुक्त मिठांत, तें घरीं पोंचेपर्यंत, दर ग्रॅमास निदान १५ मायक्रोग्रॅम उरावें असा भारतांतील दंडक आहे.

खरा धोका आहे तो लिहिण्यांत. मायक्रोग्रॅमच्या खुणेंतील ग्रीक ‘म्यू’ अक्षर घाईच्या हस्ताक्षरांत सहज ‘एम’सारखें दिसतें, आणि मात्रा हजारपट होते. थायरॉइडच्या औषधाच्या बाबतींत ही चूक बहुधा दुकानांतच पकडली जाईल. पन्नास मिलिग्रॅमसाठीं पन्नास मायक्रोग्रॅमच्या हजार गोळ्या द्याव्या लागतील! हृदयविकारावरील डिगॉक्सिनची गोष्ट मात्र निराळी. एका वेष्टनावर ०.२५ मिलिग्रॅम, तर दुसऱ्यावर २५० मायक्रोग्रॅम. मात्रा तीच, आंकडे मात्र भलतेच. या औषधाची गुणकारी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडें. जास्त झाल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात. म्हणून म्यूची खूण टाळून ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द संपूर्ण लिहावा आणि दशांशचिन्हापूर्वीं शून्य अवश्य घालावें, असें औषधशास्त्री सांगतात. शून्य नसेल आणि टिंब पुसट असेल, तर वाचणाऱ्यास दिसतात ते नुसते पंचवीस.