माल्कमपेठेचा कागद आणि देवाची जमीन
(जीर्णोद्धार सोहळ्याच्या आदल्या दिवशी मंदिराच्या प्रांगणात झालेले भाषण)



श्री भैरवनाथांच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या हातभाराने मंदिराचे काम तडीस गेले. उद्या कळस चढणार. अशा शुभप्रसंगी मला दोन शब्द बोलायला सांगितले, हा समितीचा मोठेपणा. मी कोणी इतिहाससंशोधक नाही की कीर्तनकार नाही. मॅट्रिक झालेला, तहसील कचेरीत कागद हाताळणारा साधा कारकून आहे. तेव्हा ज्याचा मला रोजचा सराव आहे तेच बोलावे असे ठरवले, म्हणजे जमीन आणि तिचा कागद. पण नुसता कायदा सांगितला तर मंडळी पेंगतील. म्हणून आपल्याच सातारा जिल्ह्यातील एका गावाची हकीकत सांगतो. ते गाव कागदातून जन्माला आले. त्याचे नाव माल्कमपेठ. आज आपण ज्याला महाबळेश्वर म्हणून ओळखतो, ज्याच्या बाजारात चणे आणि स्ट्रॉबेरी घेतो, तीच ही पेठ.

आता कोणी म्हणेल, महाबळेश्वर तर पुराणकाळापासूनचे आहे. खरे आहे, पण ते क्षेत्र महाबळेश्वर. तिथे श्रीमहाबळेश्वराचे देऊळ आणि पंचगंगेचे देऊळ आहे, आणि कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथे मानतात. यात्रेकरू तिथे शेकडो वर्षे जात आले. बाजार, बंगले आणि पॉइंट असलेले गिरिस्थान मात्र त्याहून वेगळे. त्याला दोनशे वर्षे अजून पुरी व्हायची आहेत. जुन्या सरकारी कागदांत त्याचे नाव माल्कमपेठ असेच लिहिलेले सापडते.

हकीकत अशी. १८१८ साली पेशवाई गेली. कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि १८१९ साली त्यांच्याशी तहनामा केला. राज्य महाराजांचे, पण शेजारी कंपनीचा रेसिडेंट, अशी व्यवस्था. १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी या डोंगरावर चढून गेला. त्याच्या नावाचा पॉइंट आजही आहे. थंड हवा आणि निर्मळ पाणी पाहून साहेबलोकांना डोंगर आवडला. मग ब्रिग्ज नावाच्या रेसिडेंटने महाराजांकडे शब्द टाकला आणि महाराजांनी साताऱ्याहून वर जाणारा चांगला रस्ता करून दिला. हे ध्यानात ठेवा. साहेबांच्या गावाला जाणारा पहिला रस्ता आपल्या राजाने बांधला.

१८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम वर आले. आजारी सोल्जरांना हवापालट व्हावी म्हणून त्यांनी तिथे इस्पितळ सुरू केले. त्यांचा स्वतःचा बंगलाही उभा राहू लागला. त्या टेकडीला त्यांच्या पत्नीच्या नावावरून माउंट शार्लट म्हणतात. इस्पितळ झाले, बंगला झाला, पण वाणी, शिंपी, परीट, भाजीवाला असल्याशिवाय गाव होत नाही. तेव्हा महाराजांनी जाहीरनामा काढला की या ठिकाणी नवी पेठ वसवली जात आहे, ज्यांना वस्ती करायची असेल त्यांनी यावे. त्या पेठेला माल्कम साहेबांचे नाव द्यावे ही महाराजांचीच इच्छा होती, असे सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे.

इथपर्यंत जमीन महाराजांचीच होती. पुढे १६ मे १८२९ रोजी करार झाला. महाराजांनी डोंगरावरचा सुमारे पंधरा मैलांच्या घेराचा मुलूख कंपनीला दिला आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव घेतले. हे लोणावळ्याजवळचे खंडाळा नव्हे, आपल्या जिल्ह्यातले. शिवाय महाडकडे उतरणाऱ्या घाटाचा काही भाग महाराजांनी बांधायचा आणि उरलेला कंपनीने, असेही ठरले.

कारकुनाच्या नजरेने पाहाल तर हे इनाम नव्हे, विक्री नव्हे आणि भाडेपट्टाही नव्हे. ही अदलाबदल आहे. गाव देऊन डोंगर घेतला. कागदावर दोन्ही पारडी सारखी दिसतात. पण डोंगराचे पुढे काय झाले ते पाहा.

कंपनीने आणि पुढे सरकारने तिथे जागा आखल्या. बंगल्यांसाठी भाडेपट्ट्याने भूखंड दिले. मुंबईचे साहेब आणि धनिक लोक उन्हाळ्यात येऊ लागले. रस्ते कोणी केले? १८३४ च्या सुमारास चिनी आणि मलायी कैदी आणून तिथे तुरुंग केला होता. त्या कैद्यांनी रस्ते खोदले, बटाटे आणि विलायती भाजीपाला पिकवला, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला. १८४२ साली वेण्णा नदीच्या पाण्यावर तळे झाले, ते प्रतापसिंहांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी करविले. म्हणजे रस्ता आपल्या राजाचा, तळे आपल्या राजाचे, घाम परमुलखातल्या कैद्यांचा. नावे मात्र पाहा. एल्फिन्स्टन पॉइंट, आर्थर सीट, लॉडविक पॉइंट.

आणि ज्यांचा तो डोंगर पिढ्यान् पिढ्या होता त्यांचे काय झाले? तिथे कोळी होते, कुळवाडी होते, धनगर होते, आणि धावड नावाचे मुसलमान कारागीर होते. धावड लोक डोंगरातला दगड भट्टीत गाळून लोखंड काढीत. भट्टीला कोळसा लागे आणि कोळशाला झाडे लागत. पुढे सरकारने जंगल राखीव धरले, तेव्हा भट्ट्या विझल्या. झाडे जाळून राखेत नाचणी-वरी पेरायची कुमरी शेतीही आवळली गेली. जंगल राखले हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. आज कृष्णा-कोयनेला पाणी आहे त्यात त्या रानाचा वाटा मोठा आहे. पण या लोकांच्या हातात सनद नव्हती, करारात त्यांचे नाव नव्हते. महाराजांनी दिले, कंपनीने घेतले. मधे जे राहत होते त्यांना कोणी विचारल्याची नोंद त्या करारात नाही.

मंडळी, कोणी म्हणेल की कागद असला म्हणजे सगळे भागते. तसेही नाही. ज्या प्रतापसिंह महाराजांनी रस्ता दिला, डोंगर दिला, पेठेला साहेबाचे नाव दिले, त्यांनाच दहा वर्षांनी, १८३९ साली, कंपनीने गादीवरून काढले आणि काशीला नेऊन ठेवले. तिथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. त्यांच्याकडे तहनामा होता. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते तो हक्क मागायला विलायतेत गेले आणि वर्षानुवर्षे तिथे झगडले. कोणी दाद दिली नाही. १८४८ साली आप्पासाहेब महाराज वारले आणि राज्यच खालसा झाले. बदल्यात घेतलेले खंडाळाही त्यात गेले. तेव्हा कागद हवाच, पण तो वाचणारे गाव हवे आणि तो मानणारे न्यायासनही हवे. त्या वेळी लोकांना ते न्यायासन नव्हते. आज आपल्याला ते आहे, म्हणून आपली जबाबदारी जास्त आहे.

आता डोंगरावरून खाली आपल्या गावात येऊ.

राज्य खालसा झाल्यावर सरकारने इनामांची छाननी मांडली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला. ज्याला सनद दाखवता आली नाही, वहिवाट शाबीत करता आली नाही, त्याचे इनाम गेले. देशभर नव्हे, आपल्या या दख्खनच्या मुलखातच हजारो इनामे खालसा झाली. पुढे १८६३ च्या कायद्याने उरलेल्या इनामांचा ठराव झाला. आमच्या दप्तरात इनामांचे वर्ग आहेत. सरंजाम पहिला, जात इनाम दुसरा, देवस्थान तिसरा, आणि पुढे परगणे वतने, गाव वतने असे. स्वातंत्र्यानंतर जात इनामे गेली, देशमुखी-कुलकर्णी वतने गेली, पाटीलकी गेली. देवस्थान इनाम, म्हणजे वर्ग तीन, मात्र राहिले. का राहिले? कारण ते कोणा माणसाला दिलेले नाही. ते दिवाबत्ती, पूजाअर्चा आणि उत्सवासाठी देवाला दिलेले आहे.

कायद्याच्या दृष्टीने देव हा कायमचा अज्ञान मालक आहे. अज्ञान म्हणजे लहान मुलासारखा. त्याला सही करता येत नाही, कोर्टात उभे राहता येत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्याने सांभाळायचे. लहान पोराची जमीन चुलत्याने विकली तर गाव काय म्हणते ते मी सांगायला नको. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मध्य प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट सांगितले की देवस्थानच्या जमिनीची मालक देवता असते. पुजारी हा व्यवस्था पाहणारा, तो मालक नव्हे.

हे सगळे आजच सांगण्याचे कारण आपण जाणता. सभामंडपाचे काम अर्ध्यावर आले तेव्हा पैसा संपला होता. त्या वेळी काहींनी चांगल्याच हेतूने सुचवले की रस्त्याकडेची देवाची पट्टी विकावी, चार पैसे येतील, काम पुरे होईल. भाव चढा होता आणि घेणारा दारात उभा होता. बैठकीत बराच वाद झाला. शेवटी आपल्या थोर मंडळींनी ठरवले की देवाची जमीन विकून देवाचे घर बांधायचे नाही. घरटी वर्गणी वाढवली, मुंबईकरांनी मंडळातर्फे रक्कम उभी केली, ज्यांना पैसा जमला नाही त्यांनी वाळू-विटा वाहिल्या, बायाबापड्यांनी पाणी भरले. म्हणून आज मंडप उभा आहे आणि पट्टीही देवाच्याच नावावर आहे. माझ्या मते या जीर्णोद्धारातले हेच सर्वांत मोठे काम झाले.

आता माझी एक विनंती आहे. कोणत्याही जमिनीच्या कागदाला तीन प्रश्न विचारावेत. कोणी दिली, कोणाला दिली आणि कशासाठी दिली? माल्कमपेठेच्या कागदाला हे प्रश्न विचारले की सगळा इतिहास उलगडतो. आपल्या देवाच्या कागदालाही तेच विचारावे, आणि त्यासाठी समितीने पुढील कामे हाती घ्यावीत.

पहिले, गाव नमुना तीन म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही. तिचा उतारा काढून देवाची कोणकोणती जमीन नोंदली आहे ते पाहावे. दुसरे, सातबारा आता संगणकावर मिळतो, तो दरवर्षी काढावा. कब्जेदार सदरी देवाचेच नाव आहे ना हे तपासावे. नवा फेरफार पडला असेल तर नोटिशीची मुदत सरण्याआधी हरकत घ्यावी. तिसरे, जमिनीची मोजणी करून हद्दीचे दगड लावावेत. बांध सरकतो तो रात्रीतून नव्हे, तो दर पेरणीला नांगराच्या एका तासाने सरकतो. चौथे, देवस्थानची नोंद धर्मादाय कार्यालयात आहे, तिथल्या यादीत प्रत्येक गट नंबर चढला आहे ना ते पाहावे. या मिळकतीचा व्यवहार धर्मादाय आयुक्तांच्या आणि शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून होत नाही, हे तरुणांनाही ठाऊक असावे.

आणि शेवटचे, देणगीदारांची यादी. या स्मरणिकेत ती छापली जात आहे याचा मला फार आनंद आहे. मोठ्या रकमांची नावे संगमरवरात कोरली जातीलच. पण ज्याने अकरा रुपये दिले, जिने शेर तांदूळ दिले, ज्याने आठ दिवस फुकट गवंडीकाम केले, त्यांचीही नावे वहीत यावीत. घाटावरचा रस्ता ज्यांच्या हातांनी झाला त्या कैद्यांची नावे कुठल्या पॉइंटला नाहीत. आपल्या मंदिराच्या बाबतीत तसे होऊ नये.

माल्कमपेठ ही राजाच्या आणि साहेबाच्या कराराने वसली. आपले गाव कोणत्या करारावर वसले ते कुठल्या दप्तरात लिहिलेले नाही, पण ते या देवळाभोवती टिकून आहे. देवाची जमीन देवाची राहिली तर पुढच्या जीर्णोद्धाराला आपली नातवंडे याच अंगणात बसतील.

 श्री भैरवनाथ आपणा सर्वांना सुखी ठेवो, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना करून माझे बोलणे पुरे करतो.

नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!