तंजावरचे रुमाल आणि बेने इस्रायलांची कीर्तने



तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महालात पाहुणा गेला म्हणजे त्याला प्रथम ताडपत्रांवरचे ग्रंथ दाखविले जातात, मग सरफोजी राजांनी देशोदेशींहून मागविलेली चित्रमय पुस्तके. या ग्रंथालयात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत आणि त्यांत मराठी पोथ्याच तीन हजारांच्या घरात भरतात. मोडी कागदांचे रुमाल मात्र सहसा कोणी सोडून दाखवीत नाही. त्यांत दरबारचा हिशेब आहे, देवस्थानांचा खर्च आहे, गवयांचे, वैद्यांचे, माहुतांचे पगार आहेत. व्यंकोजी राजांपासून चालत आलेले हे राज्य १८५५ साली कंपनी सरकारने खालसा केले. ग्रंथसंग्रह सुदैवाने वाचला आणि १९१८ साली तो सार्वजनिक झाला. कागद राहिले, पण ते सहज वाचणारी माणसे पिढीगणिक कमी होत गेली.

आमच्याच घरचे सांगतो. माझी आजी देवनागरीत पोथी वाचीत असे. आईजवळ गाण्यांची एक वही होती. त्यातील प्रत्येक शब्द मराठी, पण अक्षरे तमिळ! तिला बाळबोध लिपी शिकविणारी शाळाच गावात नव्हती. माझी मुले ती वही वाचू शकतात, पण अर्थ मला विचारतात. आणि महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला अर्थ कळला असता, तर त्याला ती वही वाचता येत नाही. भाषा एकीकडे आणि लिपी दुसरीकडे, अशी ही ताटातूट ज्याने घरात पाहिली आहे, त्याला मी आता ज्या दुसऱ्या एका मराठी समाजाविषयी बोलणार आहे त्याची अडचण फार समजावून सांगावी लागत नाही. तो समाज म्हणजे कोकणातील यहुदी, अर्थात बेने इस्रायल.

त्यांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. हे केव्हा घडले याविषयी पंडितांत एकमत नाही आणि त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. पुढे ते कुलाबा जिल्ह्यातील गावोगावी पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून त्यांची आडनावे पडली : केहीमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर, नवगावकर. आपल्या प्रार्थनामंदिराला ते मशीद म्हणत. मुंबईतील त्यांची पहिली मशीद १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने बांधविली. एलियाहू हन्नबीच्या स्मरणार्थ ते पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करतात, आणि त्या ताटाशी हिब्रू प्रार्थना म्हटली जाते. कोकणातल्या कोणत्याही घरातले जिन्नस. त्यांत परके असे काही नाही.

या समाजाच्या आणि आमच्या तंजावरच्या इतिहासात एक साम्य मला विशेष वाटते. सरफोजी राजांचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. राजांनी विद्या घेतली, धर्म मात्र आपला तोच ठेवला आणि त्या विद्येच्या बळावर ग्रंथालय वाढविले, छापखाना काढला. इसापाच्या गोष्टींचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर १८०६ साली तंजावरास छापले गेले, हे पुण्यामुंबईच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसते. तिकडे मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे उघड आहे. बेने इस्रायल तरुण हिब्रू शिकले आणि बहुतेक सारे आपल्या धर्मात अधिकच पक्के झाले! मिशनरी बिचारे चांगले शिक्षक निघाले, एवढेच म्हणावयाचे.

त्या शिक्षणाची फळे म्हणजे यहुद्यांचे मराठी वाङ्मय. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाची हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापली गेली. १८७४च्या पुण्याच्या आवृत्तीत तर चित्रे आहेत आणि त्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्यासारख्या जमिनीवर बसून, लुगडी नेसून कामाला लागलेल्या दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे मुंबईत ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते. त्यांनी प्रार्थनेची अनेक पुस्तके मराठीत आणली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी समाजासाठी १८७५ साली शाळा काढली आणि १८९७च्या सुमारास आपल्या लोकांचा सविस्तर इतिहास इंग्रजीत लिहून काढला. तो ग्रंथ चाळीस वर्षे हस्तलिखितातच पडून होता. तेल अवीवला तो छापला गेला १९३७ साली. लेखकाला छापील प्रत पाहावयास मिळाली नाही.

परंतु मला सर्वांत जवळचे वाटते ते त्यांचे कीर्तन, आणि तंजावरच्या माणसाला ते तसे वाटावे, याला कारण आहे. समर्थसंप्रदायाचे मठ सतराव्या शतकातच तंजावर व मन्नारगुडी येथे झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवा येथे आले, त्यांचे कीर्तन ऐकून येथील गाणारे थक्क झाले आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या ढंगावर तमिळ हरिकथेचा नवा साचा घडविला. आजही हरिकथा करणारा तमिळ भागवतर मध्येच साकी म्हणतो, दिंडी म्हणतो. त्याला मराठी येत असेलच असे नाही. साकी ही कोकणच्या चौकात जन्मली की कावेरीच्या काठी, याची त्याला फिकीर नसते. कथेत ती चपखल बसते, एवढे त्याला पुरते.

याच काळात, १८८०च्या सुमारास, मुंबईतील बेने इस्रायलांनी हेच माध्यम आपल्या धर्मकथांसाठी उचलले. त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापिले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी आब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने रचली. त्यांतही साकी आहे, दिंडी आहे, ओवी आहे. विचार करा : भावांनी खड्ड्यात टाकलेला योसेफ, त्याला मिसरास नेणारे व्यापारी, आणि पुत्रशोकाने व्याकूळ झालेला म्हातारा याकोब, हे सारे मराठी वृत्तांत, टाळ आणि पेटीच्या साथीवर! ज्या स्त्रियांना हिब्रू प्रार्थनेचा अर्थ लागत नव्हता, त्यांना आपल्या धर्माची कथा या वाटेने समजली. एकाच मराठी कीर्तनाच्या दोन शाखा. एक दक्षिणेस गेली आणि तमिळ झाली, दुसरी मुंबईच्या मांडवीत राहिली आणि यहुदी झाली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत पहिलीचा उल्लेख निदान तळटिपेत सापडतो. दुसरीचा तेवढाही क्वचितच.

१९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाले आणि हे लोक हळूहळू तिकडे गेले. १९५०च्या सुमारास त्यांची संख्या भारतात वीस हजारांच्या आसपास होती. आज ती चारपाच हजारांवर आली आहे. तेथेही त्यांची वाट सरळ नव्हती. तुमचा वंश शुद्ध यहुदी कशावरून, असा प्रश्न विवाहाच्या वेळी काही धर्माधिकाऱ्यांनी उपस्थित केला. त्याविरुद्ध या लोकांनी निदर्शने केली आणि अखेर १९६४ साली तेथील संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान मानणारा ठराव केला. मराठीचा प्रश्न त्या वेळी फारसा कोणाला सुचला नसावा, आणि त्यात नवल नाही. पोटापाण्याची व मानाची लढाई आधी असते. तरी त्यांनी अश्कलोन, दिमोना, लोद अशा गावांत मंडळे काढली, 'मायबोली' नावाचे मराठी त्रैमासिक चालविले, महाराष्ट्र दिन साजरा केला. पण नातवंडे हिब्रू शाळांत शिकली. आजोबांनी जपून नेलेली मराठी हगादा त्यांना दिसते, वाचता येत नाही. आईच्या तमिळ अक्षरांतल्या वहीची मला आठवण होते ती येथे.

यहुद्यांचा वारसा जपण्याचे प्रयत्न आशिया खंडात ठिकठिकाणी चालू आहेत, पण ते बहुधा इमारतींचे आहेत. आणि इमारती बोलक्या असतात, हेही खरे. अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ साली जे प्रार्थनामंदिर झाले, त्याचे नाव मागेन अबोथ, म्हणजे पितरांची ढाल. १८७८ साली सिंगापुरात बगदादी यहुद्यांनी जे बांधले त्याचेही नाव तेच. मुंबईतील किल्ला भागातले १८८४चे केनेसेथ एलियाहू २०१९ साली दुरुस्त होऊन पुन्हा खुले झाले. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली. ही कामे चांगलीच आहेत. कोचीच्या मट्टांचेरीतील कडवुंभागम सिनॅगॉगचे कोरीव लाकूडकाम तर उचलून जेरुसलेमच्या संग्रहालयात नेऊन बसविले आहे. ते तेथे सुरक्षित आहे, याबद्दल शंका नाही. मात्र त्या लाकडाखाली गायिली जाणारी गाणी वाचली ती निराळ्या वाटेने. कोचीच्या यहुदी स्त्रिया मलयाळम गीते आपल्या वह्यांत उतरवून ठेवीत. त्या वह्या गोळा करून अभ्यासकांनी मूळ मलयाळम आणि हिब्रू भाषांतर समोरासमोर ठेवून ती छापली. त्यासाठी केरळातील मलयाळम जाणणारा विद्वान लागला आणि तो पुढे आला.

याहून जुने उदाहरण कैरोचे आहे. देवाचे नाव असलेला कागद फाडून टाकू नये, या यहुदी समजुतीमुळे तेथील एका सिनॅगॉगच्या कोठीत शतकानुशतके कागद साठत गेले. बाराव्या शतकात मंगळूरास राहून पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालविणाऱ्या अब्राहाम बेन यीजू या व्यापाऱ्याची पत्रे त्यांत निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे कागद केंब्रिजला गेले, पण त्यांतून हिंदी महासागराच्या व्यापाराचा इतिहास उभा राहिला तो गॉइटाइन नावाच्या पंडिताने त्यांच्यापुढे अर्धे आयुष्य बसून काढले तेव्हा.

तेव्हा बेने इस्रायलांच्या मराठी पुस्तकांपुढे कोणी बसावयाचे? जेरुसलेमच्या व लंडनच्या ग्रंथालयांत त्यांतील काही आहेत, काही मुंबई, पुणे, ठाणे येथील घरांत पेट्यांच्या तळाशी असतील. कागद त्या काळचा, पिवळा पडणारा, घडीवर तुटणारा. इस्रायलमधील तरुण अभ्यासक ती हौसेने हाती घेतो आणि मराठीशी येऊन अडतो. मराठी वाचकाला अडचण कसलीच नाही. त्याला फक्त ती पुस्तके आहेत हे माहीत नाही. आमच्या विद्यापीठांतून एकेका अप्रसिद्ध शाहिरावर प्रबंध होतात, आणि व्हावेत. अष्टमकरांची आख्याने एकत्र करून छापावीत असे मात्र कोणाच्या मनात येऊ नये, याचे मला वाईट वाटते. ती मराठीची मिळकत आहे, असे आपण अद्याप धरलेले दिसत नाही. आणि नुसती छापूनही भागणार नाही. ज्या वृद्धांना चाली ठाऊक आहेत त्यांच्याकडून त्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या पाहिजेत, कारण साकी कागदावर निम्मीच असते.

तंजावरच्या मोडी कागदांचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. १९८१ साली येथे तमिळ विद्यापीठ स्थापन झाले. त्याने मोडी जाणणारी माणसे शोधून काढली आणि या रुमालांतील निवडक कागद वाचवून घेऊन त्यांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली. मराठी राजांच्या दप्तरात गवयांना काय बिदागी मिळे, हे मी प्रथम वाचले ते तमिळमध्ये. मला त्यात कमीपणा वाटला नाही; शेजाऱ्याने आपले घर सावरले तर त्याचे उपकारच मानावेत. परंतु राजपूरकरांचे मराठी समजून घेण्यासाठी उद्या पुण्याच्या वाचकाला हिब्रू भाषांतराची वाट पाहण्याची पाळी येऊ नये. ते मराठी साधे, स्वच्छ आणि बाळबोध अक्षरांत छापलेले आहे.