कल्पनेतही स्वयंपाकघर बाईकडेच?

(कार्यकर्त्यांच्या वाचन शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



आजच्या सत्राचा विषय ऐकून काही जणींना नवल वाटलं असेल. पोटगी, रेशन, हुंडाबळी यांच्यामध्ये विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भुताखेतांच्या कादंबऱ्या कुठून आल्या? चळवळीत वाचायचं म्हणजे आत्मकथनं, अहवाल, कायद्याच्या पुस्तिका. बाकीचं वाचन म्हणजे पळवाट, असं आपण धरून चालतो. मी शाळेपासून या कादंबऱ्या वाचत आले आहे. माझं मत वेगळं आहे आणि ते कामातूनच पक्कं झालं आहे.

सल्ला केंद्रात आलेल्या बाईला आपण विचारतो, "तुला काय हवंय?" किती वेळा उत्तर येतं, "मारू नये, एवढंच." तिची गरज एवढीच असते का? नाही. पण न मारणाऱ्या घराच्या पुढचं चित्र तिला कुणी दाखवलेलंच नाही. जे डोळ्यांसमोर आणता येत नाही, ते मागता येत नाही. म्हणून कल्पना ही चैन नव्हे. प्रश्न एवढाच, की कल्पना कुणाची आणि कुणाच्या सोयीची?

सुरुवात आपल्याच देशापासून करू. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज् ड्रीम' ही इंग्रजी कथा छापून आली. लहानशीच कथा. या स्त्री-राज्यात पुरुष घरात, मर्दान्यात, आणि बायका बाहेर. बायकांच्या एका विद्यापीठाने ढगांतून पाणी घेण्याची युक्ती काढली आहे, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची. शत्रू चालून आला, पुरुष हरले, तेव्हा त्याच उष्णतेने बायकांनी त्याला पळवून लावलं. मला सगळ्यांत आवडतं ते तिथलं स्वयंपाकघर. धूर नाही, कोळसा नाही, सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजतं. विज्ञानाचा विचार करताना चुलीसमोर बसलेल्या बाईचे डोळे जिला आठवले, तीच हे लिहू शकते.

कुणी म्हणेल, हा तर नुसता उलटा पडदा झाला. पुरुषांना कोंडलं म्हणजे समता आली का? नाही आली. पण लेखिकेने आरसा धरला आहे. पुरुषाला कोंडलेलं पाहून आपल्याला हसू येतं, आणि बाईला कोंडलेलं पाहून का येत नाही, हा तिचा प्रश्न आहे. शिवाय ती स्वप्न लिहून थांबली नाही. १९०९ मध्ये तिने भागलपूरला मुलींची शाळा काढली आणि १९११ मध्ये ती कलकत्त्याला नेली.

मराठीतही काशीबाई कानिटकरांनी 'पालखीचा गोंडा' या कादंबरीत स्त्रीच्या हाती कारभार असलेल्या संस्थानाची कल्पना केली. आपल्यापैकी किती जणींनी तिचं नाव ऐकलंय? आपली स्वप्नंही आपल्याला पुन्हा शोधावी लागतात.

आता दुसरी बाजू. बऱ्याच विज्ञान कादंबऱ्यांत यान दुसऱ्या आकाशगंगेत पोचतं, माणूस प्रकाशाच्या वेगाने जातो, पण यानात चहा बाईच आणते. लेखकाला काळाच्या मागेपुढे जाता येतं, आपल्या घराबाहेर जाता येत नाही! अशा पुस्तकांतलं गणित कितीही अचूक असो, मला ती भविष्याची वाटत नाहीत.

याउलट मेरी शेली. तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई गेली. ही आई म्हणजे स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ मध्ये पुस्तक लिहिणारी मेरी वुलस्टनक्राफ्ट. 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली. आपण ती राक्षसाची गोष्ट म्हणून ओळखतो. मला ती जबाबदारी टाकणाऱ्या बापाची गोष्ट वाटते. तो बाईशिवाय जीव निर्माण करतो आणि दिसायला भयंकर म्हणून टाकून पळतो. पुढे त्या जिवासाठी जोडीदारीण बनवायला घेतो, आणि अर्ध्यावर तिला फाडून टाकतो. का? ती स्वतःचा विचार करील, आधी ठरलेला करार मानणार नाही, तिला मुलं होतील, या भीतीने. ती अजून जन्मलीही नाही, आणि तिच्या इच्छेची धास्ती! गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये महाराष्ट्राला कायदा करावा लागला, हे ठाऊक असलेल्या आपल्याला हे पान वेगळंच बोलतं.

मार्गारेट अ‍ॅटवूड यांची 'द हँडमेड्स टेल' १९८५ ची. इतिहासात कुठे ना कुठे घडलेलं नाही असं काही त्यात घालायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यातला मला सर्वांत भीतिदायक प्रसंग फाशीचा नाही, बँकेचा आहे. एका दिवसात बायकांच्या नोकऱ्या जातात, खाती गोठतात आणि पैसा नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुषाच्या ताब्यात जातो. बचत गटाचं पासबुक नवऱ्याच्या खिशात गेलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे परकं वाटणार नाही.

भयकथांबद्दल माझं प्रेम आहे आणि तक्रारही. नारायण धारपांची कादंबरी हातात घेतली की खाली ठेवता येत नाही, हे मी मान्य करते. पण एकूण या प्रकारात बाई बहुधा झपाटलेली असते, आणि सोडवणारा पुरुष. आपल्याकडची हडळ कोण? बाळंतपणात मेलेली बाई, असं लोक सांगतात. जिवंतपणी जिला वेळेवर दवाखाना मिळाला नाही, तिची मेल्यावर भीती! ही भीती म्हणजे समाजाच्या मनातला अपराधच नव्हे का? तिच्या बाजूने लिहिलेली भयकथा मला वाचायची आहे. आणि पुस्तकातलं भूत पुस्तक मिटलं की संपतं. सातपुड्यातल्या एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवलं की तिचं घर, शेत, जीवही जातो. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भयकथा वाचू या, पण हा फरक विसरून नव्हे.

शेवटी अर्सुला ले ग्विन. त्यांच्या अद्भुतकथेतल्या 'अर्थसी'च्या जगात जादूची शाळा फक्त मुलांची. १९९० मध्ये त्या 'तेहानू' घेऊन त्याच जगात परतल्या. या वेळी कथेच्या मध्यभागी शेतावर राहणारी एक विधवा आणि अत्याचार करून आगीत टाकलेली एक लहान मुलगी आहे. दळण, भांडी, जखमा धुणं हेच इथे पराक्रम. जग तेच, फक्त बघणारीने जागा बदलली.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या गट-बैठकीत 'सुलतानाज् ड्रीम' मराठीत, सोप्या शब्दांत सांगा. मग प्रत्येकीला विचारा: तुझ्या मनातल्या गावात सकाळी सर्वांत आधी कोण उठतं? पाणी कोण भरतं? रात्री रस्त्यावर कोण फिरतं? घर कुणाच्या नावावर आहे? उत्तरं लिहून ठेवा. त्यातली निम्मी ग्रामसभेत मांडण्यासारखी निघतील. बाकीची आज अशक्य वाटतील. तीही फाडू नका, जपून ठेवा. १९०५ मध्ये सूर्यावर अन्न शिजवणं हेही बहुतेकांना अशक्यच वाटलं असेल.