खातेवही, कॉम्प्युटर आणि दुकानाचा फोन

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)





व्यापार आणि आधुनिक साधने ह्या विषयावर मी बोलावे, अशी चिटणीससाहेबांची इच्छा होती. विषय फार मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. म्हणून मी तो माझ्या आवाक्यातला करून घेतला आहे. लहान दुकानदारांचे हिशेब लिहिणे व तपासणे हा माझा व्यवसाय. बेकरीवाले, शिंपी, गॅरेजवाले, सुक्या मासळीचे व्यापारी, आंब्याचे बागायतदार, घरी मसाले आणि समोसे करून विकणाऱ्या भगिनी, ह्यांच्याच वह्या माझ्यापुढे येतात. त्यांना उपयोगी पडेल तेवढेच मी सांगणार आहे.

ह्या सभागृहात बसलेल्या बऱ्याच पालकांच्या घरी आज कॉम्प्युटर आहे, निदान चांगला फोन तरी आहे. तो मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला असतो. परीक्षा संपली की कॉम्प्युटरवर कापडाचे आच्छादन पडते. इकडे वडील रात्री दुकान बंद करून घरी येतात आणि पाठकोऱ्या कागदावर उधारीची बेरीज करीत बसतात. बाजार कसा चालतो हे वडिलांना ठाऊक आहे, यंत्र कसे चालते हे मुलीला ठाऊक आहे, आणि दोघे एका घरात राहूनही ह्या बाबतीत एकमेकांशी बोलत नाहीत. आठवड्यातून एक तास ती दोघे एकत्र बसली, तरी माझे आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.

प्रथम हिशेबाविषयी. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवावे हा आदेश सूरह बकरामधल्या २८२व्या आयतीत आहे, आणि कुरआनातली ती सर्वांत लांब आयत आहे, हे आपणांपैकी अनेकांना माहीत असेल. तेव्हा लिहिण्याची सवय आपल्याला कोणी नव्याने शिकवावी अशातला भाग नाही. प्रश्न आहे तो लिहिलेले टिकवण्याचा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड ह्या बाजारपेठा पुराच्या पाण्याखाली गेल्या. माल गेला तो डोळ्यांना दिसला. पण भिजलेल्या वहीबरोबर कोणाकडून किती येणे आहे ही माहितीही जाते, आणि ते नुकसान कोणत्याही पंचनाम्यात धरता येत नाही. प्रामाणिक गिऱ्हाईक आपण होऊन पैसे आणून देते, हे खरे. परंतु सगळीच गिऱ्हाइके तशी नसतात, आणि प्रामाणिक माणसालाही नेमका आकडा आठवेलच असे नाही.

ह्यासाठी महागड्या प्रोग्रॅमची गरज नाही. कॉम्प्युटरवर रकाने पाडलेला तक्ता असतो, त्याला स्प्रेडशीट म्हणतात. असा पहिला लोकप्रिय तक्ता, व्हिसिकॅल्क, १९७९ साली अमेरिकेत निघाला. एक आकडा बदलला की पुढची सगळी गणिते आपोआप बदलावीत, एवढीच त्यामागची कल्पना होती. एक्सेल असो की गूगलचा फुकट मिळणारा तक्ता असो, तत्त्व तेच आहे. उधारीसाठी सहा रकाने पुरेत : तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, फोन नंबर, माल, उधार रक्कम, जमा रक्कम. एका ओळीत एकच व्यवहार लिहावा. वहीत आपण एकाच ओळीत "४०० दिले, १५० परत, बाकी नंतर" असे खरडतो. यंत्राला ते समजत नाही. रकमेच्या रकान्यात "रु." किंवा "फक्त" असली अक्षरे घालू नयेत. घातली तर कॉम्प्युटर त्या आकड्याला मजकूर समजतो आणि बेरजेतून वगळतो. आकडेही इंग्रजी लिपीत लिहावेत, कारण मराठी आकडे बेरजेत धरले जातीलच असे नाही. नाव प्रत्येक वेळी त्याच तऱ्हेने लिहावे, नाहीतर "इब्राहिम गॅरेज" आणि "इब्राहीम गॅरेज" ही यंत्राच्या मते दोन वेगळी गिऱ्हाइके होतात. एवढे पाळले की गाळणीची सोय, म्हणजे फिल्टर, वापरून एका गिऱ्हाइकाचा वर्षभराचा व्यवहार क्षणात समोर येतो.

मजकूर मराठीत लिहायचा तर युनिकोडमध्येच लिहावा. पूर्वी छापखान्यांत आणि कचेऱ्यांत निरनिराळे मराठी फॉन्ट चालत. त्यांत लिहिलेली दरपत्रके दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. युनिकोडचे अक्षर फोनवर पाठवले तरी जसेच्या तसे राहते.

विद्यार्थी मित्रहो, वडिलांना शिकवताना सगळा कॉम्प्युटर शिकवू जाऊ नका. कंट्रोल धरून एस दाबले की काम जपले जाते, झेड दाबले की चुकून केलेले मागे घेता येते, एफ दाबले की शोधता येते. पहिल्या महिन्यात एवढे पुष्कळ झाले. आणि त्यांच्या हातून माऊस हिसकावून घेऊ नका! शिकवण्याच्या कामात ह्या एका गोष्टीने जेवढा खोळंबा होतो, तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही.

तक्त्याच्या तीन प्रती ठेवाव्यात. एक कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक इंटरनेटवरील साठ्यात. पेनड्राइव्ह दुकानातल्याच खणात ठेवला तर पुरात कॉम्प्युटरबरोबर तोही जाणार, तेव्हा तो घरी न्यावा.

आता फोनकडे वळतो. व्हॉट्सॲप आपण सर्वच वापरतो, पण त्याचे व्यापाऱ्यांसाठी वेगळे रूप जानेवारी २०१८ मध्ये आले, ते पुष्कळांना ठाऊक नाही. तेही फुकट आहे. त्यात दुकानाचा पत्ता व वेळ लिहिता येते, मालाची यादी फोटो आणि किमतीसह लावता येते, वारंवार द्यावी लागणारी उत्तरे आधी लिहून ठेवता येतात आणि गिऱ्हाइकांना "नवीन मागणी", "पैसे येणे" अशा चिठ्ठ्या लावता येतात. त्यासाठी धंद्याचा नंबर वेगळा घ्यावा. घरच्या नंबरावरच दुकान चालवले की रात्री अकरा वाजता नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो आणि पन्नास समोशांची मागणी एकाच गर्दीत सापडतात, आणि मागणी हटकून विसरली जाते.

यादीत लिहिताना नेमके लिहावे. "उत्तम आंबे, रास्त भाव" ह्याने काहीच कळत नाही. एका डझनाची किंमत, एका फळाचे साधारण वजन, गाव, आंबा पिकलेला की पिकायला घालावा लागणारा, आणि पोहोचवण्याचा खर्च कोणाचा, हे सर्व द्यावे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या जिल्ह्यांपुरते आहे. बाहेरून आलेल्या आंब्याला हापूस म्हणून विकणारा एक हंगाम कमावतो, पण पुण्याचे ते गिऱ्हाईक पुढल्या वर्षी फोन उचलत नाही.

"किंमत मेसेजमध्ये विचारा" ही पद्धत मला मुळीच पसंत नाही. गिऱ्हाइकाला वाटते की तोंड पाहून भाव सांगणार. भाव उघड लिहावा.

एक गोष्ट मात्र विशेष काळजीने सांगतो. गिऱ्हाइकांचा ग्रुप काढू नये. ग्रुपमध्ये सर्वांचे नंबर सर्वांना दिसतात. शिवणकाम करणाऱ्या भगिनीने आपल्या गिऱ्हाईक बायकांचा ग्रुप काढला, आणि त्यात कोणी परका शिरला, तर त्या बायकांचे नंबर कुठे जातील ह्याचा नेम नाही. बायकांनी तिला नंबर दिला तो तिच्या भरवशावर. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरावी. त्यात निरोप प्रत्येकीला स्वतंत्र जातो आणि एकीला दुसरीचा पत्ता लागत नाही. मात्र जिने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये नोंदवला असेल तिलाच तो पोहोचतो, म्हणून पहिल्या खरेदीच्या वेळीच नंबर नोंदवून घेण्याची विनंती करावी. आणि आठवड्यातून एकच निरोप पाठवावा. रोजच्या सुप्रभाताला कंटाळून लोक नंबर बंद करतात.

गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची नोंद फुकट करता येते. परगावचा माणूस जवळचे पंक्चरचे दुकान नकाशातच शोधतो. तेथे वेळ बरोबर लिहावी, शुक्रवारी दुपारी दुकान बंद असेल तर तसे लिहावे. खोटे अभिप्राय विकत घेऊन लावणारे लोक भेटतात, त्यांना दारात उभे करू नये.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक ह्यांच्याबद्दल पालकांच्या मनात धास्ती आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मुलीचा चेहरा न दाखवताही तिची कला दाखवता येते. कशिदा काढणारे हात, परातीत उलगडणारा समोशाचा पट्टा, भाजला जाणारा मसाला, एवढे लोकांना पुरते. फोटो दिवसा, खिडकीजवळ काढावा आणि मागचा पसारा आवरावा. खाते धंद्याच्या नावाचे असावे, त्यावर घरचा पत्ता नसावा. आईवडिलांनी ते खाते स्वतः उघडून पाहत राहावे, म्हणजे बंदी घालण्याची वेळ सहसा येत नाही.

मात्र ह्या मंडपांत आपण भाडेकरू आहोत, हे विसरू नये. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि ज्यांनी लाखो प्रेक्षक जमवले होते त्यांचे दुकान एका रात्रीत मिटले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम ही तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली. म्हणून गिऱ्हाइकांची नावे आणि नंबर आपल्या तक्त्यात असलेच पाहिजेत. मंडप उठला तरी आपण त्यांना फोन लावू शकू.

आता फसवणुकीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण येथे कष्टाचे पैसे जातात. यूपीआयची सोय २०१६ साली सुरू झाली आणि आज भाजीवालाही तिच्यावर चालतो. तिचा नियम सोपा आहे : पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीच नाही. "मी फौजेतला अधिकारी बोलतो, शंभर माणसांचे जेवण हवे आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, हा चौकोन स्कॅन करून पिन टाका" असा फोन घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्या अनेकांना आला आहे. मोठ्या मागणीच्या आनंदात माणूस पिन टाकतो आणि खाते रिकामे होते. दुसरा प्रकार, गिऱ्हाईक पैसे पाठवल्याचा फोटो दाखवून माल घेऊन जाते. असा फोटो बनवता येतो. तेव्हा आपल्या खात्यात रक्कम आल्याची खात्री करूनच माल द्यावा, गिऱ्हाईक ओळखीचे असले तरी. तिसरा प्रकार लग्नपत्रिकेचा. अनोळखी नंबरावरून पत्रिका म्हणून एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे असतात. ती पत्रिका नव्हेच, तो प्रोग्रॅम आहे. उघडून बसवला की फोनमधले बँकेचे निरोप दुसऱ्याच्या हाती जातात. कोणी फसलेच तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० ह्या सरकारी नंबरावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता अधिक. ज्या घरात फसलेल्या माणसालाच बोल लावतात, तेथे तो माणूस दोन दिवस सांगतच नाही आणि तोवर पैसे पुढे गेलेले असतात. मुलांनो, वडील फसले तर हसू नका. पालकांनो, मुलगा फसला तर आधी फोन लावा, रागावणे नंतर.

व्हॉट्सॲपमध्ये द्विस्तरीय पडताळणी नावाची सोय आहे. सहा आकड्यांचा स्वतःचा पिन ठरवला की दुसऱ्याला आपला नंबर सहजासहजी बळकावता येत नाही. ती आजच सुरू करावी, दोन मिनिटांचे काम आहे.

सरकारी नोंदणीविषयी एकच सांगतो. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे आणि सरकारी संकेतस्थळावर ती विनामूल्य होते. तिचे हजार-दोन हजार मागणारी नकली पाने इंटरनेटवर आहेत. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षेची नोंदणीही करून घ्यावी.

पालकांना माझे एक मागणे आहे. दुकानाचा फोन मुलांच्या हाती दिला म्हणजे ती दिवसभराची कारकून झाली असे समजू नका. दहावीची मुलगी भूमिती सोडवीत असताना दर पाच मिनिटांनी "ताई, भाव काय?" असे निरोप येऊ लागले, तर धंदाही नीट होणार नाही आणि भूमितीही होणार नाही. उत्तरे देण्याची वेळ ठरवावी, सकाळी अर्धा तास, रात्री अर्धा तास. दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोप लिहून ठेवण्याची सोय त्या फोनमध्ये आहे. गिऱ्हाईक थांबते. परीक्षा थांबत नाही.

शेवटचा मुद्दा वारशाचा आहे. धंद्याच्या नंबराचे सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे, हे आज घरी जाऊन पाहावे. पुष्कळ घरांत ते धाकट्या मुलाच्या नावावर असते. तो नोकरीसाठी आखातात जातो, सिम बंद पडते, आणि आईने पाच वर्षे जमवलेली गिऱ्हाइके त्या नंबराबरोबर जातात. कुठे वडिलांचा इंतकाल होतो आणि खात्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. काम जिचे आहे तिच्याच नावावर नंबर असावा. ईमेल खाते, इन्स्टाग्रामचे खाते आणि नकाशावरची नोंद ह्यांचे पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून, घराचे कागदपत्र असतात त्या पेटीत ठेवावे. पासवर्ड बदलला की पाकीटही बदलावे. बँकेचा पिन मात्र त्यात घालू नये.