बामियान आणि पाचवा माणूस

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला आहे : "युद्धाच्या काळात धार्मिक वारसा वाचविण्यासाठी राष्ट्राराष्ट्रांत होणारे प्रयत्न". विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. म्हणून मी सगळ्या जगाची यादी वाचत बसणार नाही. एकच उदाहरण घेतो, आपल्या सर्वांच्या काळजाला लागलेले. ते म्हणजे बामियान.

परवा निमंत्रण द्यायला मंडळी घरी आली, तेव्हा त्यांच्यातला एक तरुण मला म्हणाला, "सर, बुद्ध काही दगडात नाही. तथागतांनी आपल्या मागे धम्मालाच शास्ता मानायला सांगितलं. मग मूर्ती फुटल्या म्हणून एवढं दुःख कशाला?" प्रश्न खरा आहे. त्याला दटावून गप्प बसवणे हा धम्म नव्हे. आज बोलता बोलता त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

सुरुवात रोहिणी नदीपासून करू. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण काय दिले आहे, ते आपण दरवर्षी वाचतो. शाक्य आणि कोलिय यांच्यात पाण्यावरून भांडण पेटले. शाक्यांचा सेनापती युद्धाचा ठराव घेऊन उभा राहिला. सिद्धार्थाने विरोध केला, आणि विरोध करून तो थांबला नाही. त्याने मार्ग सुचवला : आपण आपली दोन माणसे नेमू, कोलियांनी त्यांची दोन नेमावीत, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. आता हा पाचवा माणूस लक्षात ठेवा. तो दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला माणूस आहे. आजच्या भाषेत ज्याला राजनय म्हणतात, त्याचे सगळे मर्म या पाचव्या माणसात आहे.

आता बामियानकडे वळू. अफगाणिस्तानात काबूलच्या पश्चिमेला हिंदुकुशाच्या डोंगरात ही दरी आहे. तिथल्या उभ्या कड्यात दोन बुद्धमूर्ती कोरलेल्या होत्या, एक ५५ मीटर उंच आणि दुसरी ३८ मीटर. आपल्या शहरातली पंधरा-सोळा मजली इमारत डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मोठ्या मूर्तीचा अंदाज येईल. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यापासून सातव्याच्या पूर्वार्धापर्यंतचे हे काम. इ. स. ६३० च्या सुमारास ह्युएन त्संग तिथून गेला. हजारो भिक्षू आणि रत्नालंकारांनी झळकणारी भव्य मूर्ती त्याने पाहिली व लिहून ठेवली. पुढे हाच प्रवासी दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात आला. डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या विहाराचे त्याने केलेले वर्णन अभ्यासक अजिंठ्याशी जोडतात. एकाच माणसाच्या पायांनी बामियान आणि अजिंठा जोडलेले आहेत, म्हणून ही गोष्ट परक्याची नाही.

पुढे त्या दरीतले लोक मुसलमान झाले. तरी मूर्ती हजाराहून अधिक वर्षे उभ्या राहिल्या. चेहऱ्यांचा भाग फार पूर्वीच नाहीसा झाला होता, पण तिथल्या हजारा लोकांनी त्या मूर्तींना आपलेसे केले होते. मोठीला ते सलसाल म्हणत आणि लहानीला शाहमामा. त्यांच्या लेखी ती एका प्रेमी जोडप्याची जोडी होती. म्हणजे पूजा संपली तरी माया संपली नव्हती. बंधूंनो, 'मुसलमानांनी मूर्ती फोडल्या' असे सरसकट बोलण्याआधी हे आठवा. फोडणारे मुसलमान होते, तसे शतकानुशतके सांभाळणारेही मुसलमानच होते.

आपला देशही त्यात होता. १९६९ ते १९७७ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे तज्ज्ञ अफगाण सरकारबरोबर बामियानला काम करीत होते. भेगा बुजवणे, सुटणाऱ्या दगडाला आधार देणे, भित्तिचित्रे साफ करणे, असे ते काम. गाजावाजा नाही, निषेध नाही, वर्षानुवर्षे नुसते काम. मी तर म्हणतो, वारशाच्या बाबतीत हाच खरा राजनय. शांततेच्या दिवसांत केलेला.

मग युद्धे आली. १९७९ साली सोव्हिएत फौजा आल्या, त्या गेल्यावर आपापसातली लढाई सुरू झाली आणि १९९६ साली काबूल तालिबानच्या हातात गेले. आता एक गोष्ट ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. १९९९ साली तालिबानचा प्रमुख मुल्ला ओमर याने या मूर्तींचे रक्षण करावे असा हुकूम काढला होता! देशात बौद्ध उरलेले नाहीत, म्हणून मूर्तींची पूजा होत नाही, आणि परदेशी पाहुण्यांकडून पुढे उत्पन्न होऊ शकते, असा त्याचा युक्तिवाद होता. म्हणजे दार बंद नव्हते, किलकिले का होईना उघडे होते. तेव्हा जगाचे लक्ष नव्हते.

२६ फेब्रुवारी २००१ रोजी त्याच माणसाने उलटा हुकूम काढला की देशातल्या सर्व मूर्ती नष्ट करा. आणि मग एकदम धावपळ सुरू झाली. युनेस्कोचे महासंचालक कोइचिरो मात्सुउरा यांनी पिएर लाफ्राँस या मुरब्बी फ्रेंच राजदूताला खास दूत म्हणून पाठवले. जपानचे शिष्टमंडळ गेले. मूर्ती बाहेर नेऊ, नाहीतर झाकून ठेवू, असे त्यांनी सुचवले. हा मानवजातीचा ठेवा आम्ही आणून सांभाळतो, असे भारत सरकारने कळवले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही तयारी दाखवली. पाकिस्तानचे गृहमंत्री मोइनुद्दीन हैदर कंदाहारला जाऊन आले. ९ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमुखाने ठराव केला. ११ मार्चला सरचिटणीस कोफी अन्नान इस्लामाबादेत तालिबानच्या परराष्ट्रमंत्र्यांना भेटले. त्याच सुमारास इजिप्तचे मुफ्ती आणि इतर नामवंत उलेमा कंदाहारला पोहोचले. पूजा होत नसलेल्या या प्राचीन मूर्ती पाडण्याचे काही कारण नाही, हे त्यांना धर्माच्या भाषेत सांगायचे होते.

पण मार्चच्या पहिल्या आठवड्यातच तोफा डागायला सुरुवात झाली होती. तोफांनी काम भागेना, म्हणून मूर्तींमध्ये सुरुंग पेरले. ते पेरायला आम्हाला जबरदस्तीने दोरांवरून खाली सोडले, असे तिथल्या रहिवाशांनी पुढे सांगितले. म्हणजे ज्यांची शाहमामा, त्यांच्याच हातांनी.

एवढे सगळे जग एका बाजूला असून का हरले? मला तीन कारणे दिसतात.

पहिले, पाचवा माणूस वेळेवर नव्हता. तालिबानच्या सरकारला जगात फक्त तीन देशांची मान्यता होती, पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती. बाकीच्यांचा तिथे दूतावास नाही, ओळख नाही, बोलाचाली नाही. ज्याच्या घरी आपण कधी गेलो नाही, त्याच्या दारात आग लागल्यावर सल्ला घेऊन गेलो, तर तो ऐकेल का? इजिप्तचे उलेमा हे पाचव्या माणसाच्या जवळपास होते, कारण त्यांची भाषा तालिबानला नाकारता येण्यासारखी नव्हती. पण ते पोहोचले तेव्हा कड्यावरून धूर निघत होता.

दुसरे, कायदा अपुरा होता. युद्धात सांस्कृतिक ठेवा वाचवण्यासाठी १९५४ सालचा हेगचा करार होता, पण अफगाणिस्तानने तो तेव्हा स्वीकारलेला नव्हता. तो २०१७ साली स्वीकारला. जागतिक वारसा करारावर त्या देशाची सही होती, पण बामियान त्या यादीत नव्हते. आणि हेग कराराचा मुख्य रोख युद्धातल्या विध्वंसावर. स्वतःच्या ताब्यातला ठेवा कोणी ठरवून, जाहीर करून फोडील, त्याला हात धरून थांबवणारे कलम कुठे होते?

तिसरे कारण बोलायला जड आहे, पण बोलले पाहिजे. त्याच बामियान प्रांतात याकावलंग म्हणून भाग आहे. जानेवारी २००१ मध्ये, म्हणजे मूर्ती फुटण्याच्या दोन महिने आधी, तालिबानने तिथल्या दीडशेहून अधिक हजारा पुरुषांना पकडून ठार मारले. त्यासाठी किती शिष्टमंडळे गेली? देशात दुष्काळ होता, माणसे उपाशी होती, वर निर्बंध होते. तालिबानचा एक प्रतिनिधी पुढे अमेरिकेत म्हणाला की, आमची मुले मरतात त्याला पैसे नाहीत आणि मूर्तींना आहेत, याचा आमच्या लोकांना संताप आला. ही सबब आहे, हे मला कळते. ज्यांनी स्वतः याकावलंग केले, त्यांनी मुलांची नावे सांगू नयेत. पण सबब त्यांच्या हातात कोणी दिली? दगडासाठी धावणारे आणि माणसासाठी न हलणारे जग. इथे आपणही अंतर्मुख व्हावे. २००१ च्या मार्चमध्ये आपण ठिकठिकाणी निषेध सभा घेतल्या, ते योग्यच केले. याकावलंगचे नाव त्या सभांत किती जणांनी घेतले? मी घेतले नव्हते. मला ते माहीतही नव्हते.

मग सगळे फुकट गेले का? नाही. बामियानच्या धक्क्यानंतर जग थोडे हलले. ऑक्टोबर २००३ मध्ये युनेस्कोने वारशाच्या हेतुपुरस्सर विध्वंसाविरुद्ध जाहीरनामा काढला. त्याच वर्षी बामियान जागतिक वारसा यादीत आले. जपानच्या पैशाने आणि अनेक देशांच्या तज्ज्ञांच्या हातांनी कोसळायला आलेले कोनाडे सावरले गेले. २०१२ साली आफ्रिकेतल्या माली देशात टिंबक्टू इथल्या सुफी संतांच्या कबरी अतिरेक्यांनी फोडल्या. त्यातल्या एका पुढाऱ्याला, अहमद अल-महदीला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ साली ९ वर्षांची शिक्षा दिली. नुसत्या वारशाच्या विध्वंसासाठी त्या न्यायालयात झालेली ती पहिली शिक्षा. २०१७ साली सुरक्षा परिषदेने २३४७ क्रमांकाचा ठराव केला, तो पूर्णपणे याच विषयावर. गंमत पाहा, फुटल्या बुद्धमूर्ती आणि न्याय मिळाला मुसलमान संतांच्या कबरींना. मला याचे वाईट वाटत नाही. धम्माचे कार्य असेच असते, त्याला जात-धर्म विचारता येत नाही.

पाचवा माणूस वेळेवर भेटल्याचेही एक उदाहरण आहे. अफगाणिस्तानात परस्परांशी लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या संमतीने स्वित्झर्लंडमधल्या बुबेनडॉर्फ या लहानशा गावी 'निर्वासित अफगाण संग्रहालय' उघडले गेले. देशाबाहेर गेलेल्या वस्तू लोकांनी तिथे आणून दिल्या. २००७ साली सुमारे १,४०० वस्तू काबूलला परत गेल्या. ना तोफ, ना धमकी. दोघांचाही विश्वास असलेले एक घर, एवढेच.

२०२१ साली तालिबान पुन्हा सत्तेवर आले. आणि त्यांच्याच राजवटीत बामियानच्या रिकाम्या कोनाड्यांपुढे पर्यटकांकडून तिकिटाचे पैसे घेतले जाऊ लागले. १९९९ चा तो उत्पन्नाचा मुद्दा आता रिकाम्या जागेवर खरा झाला. त्यांच्याशी बोलावे की बोलू नये, असा वाद जगात चालू आहे. त्यांनी मुलींच्या शाळा बंद केल्या, ते विसरून मूर्तींबद्दल बोलणे म्हणजे जुनीच चूक. पण अजिबात न बोलणे म्हणजेही जुनीच चूक. मुलीचे शिक्षण आणि कड्यातला कोनाडा, दोन्ही एकाच तोंडाने बोलावे लागेल.

आता त्या तरुण मित्राला उत्तर. बाळा, बुद्ध दगडात नाही, हे तुझे म्हणणे सोळा आणे खरे. पण ज्या माणसांनी तो दगड कोरला, ती माणसे त्या दगडात होती. ज्यांनी श्रद्धा बदलल्यावरही त्याला शाहमामा म्हटले, त्यांची माया त्यात होती. आमचा इतिहास पुसला गेला होता. तो लेण्यांतून, स्तूपांतून, मातीखालून पुन्हा सापडला, तेव्हा आपण कोण होतो हे आपल्याला कळले. पुरावा गेला की माणसाला खोटे ठरवणे सोपे जाते. म्हणून मूर्ती जपायची. पूजेसाठी नव्हे, साक्षीसाठी.

आणि आपण काय करायचे? कंदाहार दूर आहे. पण आपल्या जवळच्या लेण्यात कोणी नाव कोरत असेल, तर हात धरा. आपल्या विहाराची जुनी कागदपत्रे, छायाचित्रे, देणगीदारांच्या वह्या नीट लावून ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, गावात शेजाऱ्याच्या मशिदीला, मंदिराला, चर्चला कोणी दगड उचलला, तर आपण मध्ये उभे राहायचे. आज त्यांच्याकडे चहाला गेलात, तर उद्या भांडणात तुमचा शब्द चालेल. पाचवा माणूस ऐनवेळी आकाशातून पडत नसतो. तो शांततेच्या दिवसांत घडवावा लागतो. या विहारातून असे पाच-पंचवीस जण घडले, तर हा वर्धापन दिन सार्थकी लागला असे मी समजेन.

 भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय, जय भीम.